ताणकाट्यापासून टिपणीपर्यंत : कॅम्पसवर पर्यावरणाचे काम कसे उभे करावे

जून-जुलैत नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की पर्यावरणासाठी काहीतरी करायचे आहे असे म्हणत काही विद्यार्थी दरवर्षी पुढे येतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात झाडे लावणे व प्लास्टिक वेचणे या दोनच गोष्टी असतात. मी राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी झालो तेव्हा माझाही विचार याहून वेगळा नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही मैदानाच्या कडेने २०० रोपे लावली, फोटो काढले, अहवाल पाठवला. आणि पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस मोजदाद केली तेव्हा त्यांतली ११ जिवंत होती. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. माळीकाकांचा रबरी पाइप झेंड्याच्या कट्ट्यापर्यंतच पोचत होता आणि आमचे सगळे खड्डे त्याच्या पलीकडे होते. खड्डे घेण्याआधी आमच्यापैकी कोणीही त्यांना पाइपची लांबी विचारली नव्हती.

या लेखातील पद्धत त्या फजितीतून आलेली आहे. कॅम्पस म्हणजे वीज, पाणी, अन्न आणि कागद वापरणारे एक लहानसे गाव असते. ते रोज ठरावीक माणसे ठरावीक नोंदवह्यांच्या आधारे चालवतात, आणि विद्यार्थ्यांचे काम त्या नोंदवह्यांत शिरले तरच ते विद्यार्थी पास होऊन गेल्यानंतरही टिकते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे, त्यांची वसतिगृहे आणि संलग्न महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. इतरत्र पदनामे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी संस्थेचे कागद वाचावेत

सुरुवात मैदानात न करता संस्थेच्या संकेतस्थळावर करावी. नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, तिच्यासाठी संस्थेने सादर केलेला स्वयं-अध्ययन अहवाल आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे वार्षिक अहवाल तेथे ठेवलेले असतात. त्यांतला सातवा निकष संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम यांचा आहे. सौर ऊर्जा, एलईडी दिवे, पावसाच्या पाण्याचे संकलन, कचऱ्याची विल्हेवाट, हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण अशा बाबींवर संस्थेने काय केले आहे, हे तेथे छायाचित्रांसह मांडलेले असते. नॅकच्या मूल्यांकनाची पद्धत अलीकडे बदलत असली, तरी आधीच्या फेऱ्यांचे हे अहवाल हाताशी राहतात, आणि विद्यार्थ्यांपैकी क्वचितच कोणी ते उघडून पाहिलेले असतात.

एका वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे अहवालातील प्रत्येक विधान उतरवावे आणि उजवीकडे त्या जागी प्रत्यक्ष जाऊन जे दिसले ते, तारीख घालून लिहावे. हेतू संस्थेला खोटे पाडण्याचा नसावा, कारण तसे करणाऱ्याला दुसऱ्या दिवशीपासून एकही दार उघडे मिळत नाही. या यादीचा खरा उपयोग वेगळा आहे. अहवालात गांडूळखताचा हौद दाखवलेला असेल आणि त्या हौदात आज मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतील, तर नव्या हौदाची परवानगी मागण्याची गरजच उरत नाही. मागणी फक्त खुर्च्या हलवण्याची करायची असते. जे काम कागदावर झालेले आहे ते प्रत्यक्षात करून देतो, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला नाही म्हणणे कोणत्याही प्राचार्यांना अवघड जाते.

कायद्याचीही तोंडओळख या टप्प्यावरच करून घ्यावी. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांना मोठे कचरा उत्पादक ठरवले आणि त्या यादीत विद्यापीठे व महाविद्यालये यांचा स्पष्ट उल्लेख केला. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या परिसराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशीही तरतूद त्यांत होती. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकल-वापर प्लास्टिकच्या यादीत पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांच्याबरोबर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे फलकही आहेत, ही गोष्ट स्नेहसंमेलनाच्या आयोजकांना सहसा ठाऊक नसते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जात उल्लेख करण्यापूर्वी चालू अधिसूचना स्वतः वाचून घ्यावी. वर्तमानपत्रातील कात्रणावर विसंबू नये.

परिसर चालवणाऱ्या माणसांबरोबर फिरावे

दुसरे काम पायांचे आहे. तीन फेऱ्या माराव्यात : पहाटे सहाच्या सुमारास माळी किंवा पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, दुपारी सफाई कामगारांबरोबर आणि रात्री नऊनंतर वायरमन किंवा पहारेकऱ्याबरोबर. पहाटेच्या फेरीत कोणती टाकी ओसंडून वाहते ते दिसते. दुपारी कचरा गाडीत भरताना वेगळे केलेले डबे पुन्हा एकत्र होतात का ते कळते, आणि रात्री कोणत्या प्रयोगशाळेचे दिवे व पंखे कोणी नसताना चालू असतात हे मोजता येते. या माणसांना वर्षानुवर्षांचे सगळे ठाऊक असते, पण त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांचे म्हणणे टिपणीत, म्हणजे निर्णयासाठी वर जाणाऱ्या कार्यालयीन कागदात, येत नाही. त्यांना अहो-जाहो करावे, चहाच्या वेळी गाठावे आणि त्यांच्या नावाने तक्रार होईल असे काहीही लिहू नये.

फेऱ्या झाल्या की लेखा विभागाकडून गेल्या बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती मागाव्यात. साध्या विनंतीवर त्या मिळाल्या तर उत्तम. सार्वजनिक विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली येतात आणि दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक असते, हे खरे. पण ज्या कार्यालयाकडून पुढे वर्षभर सहकार्य हवे आहे त्याला पहिल्याच आठवड्यात असा अर्ज देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तो मार्ग अगदी शेवटचा म्हणून ठेवावा.

यानंतर एकच विषय निवडावा. कचरा, वीज, पाणी, जैवविविधता असे चार विषय एकदम घेणाऱ्या गटाचे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काय होते, ते मी अनेकदा पाहिले आहे. वसतिगृह असेल तर माझा सल्ला मेसपासून सुरुवात करण्याचा आहे. तेथील आकडे आठवड्याभरात हाती येतात, खर्च जवळजवळ नसतो आणि बदल सर्वांना ताटात दिसतो.

मेसमधील सात दिवस

साहित्य थोडेच लागते : ५० किलोचा ताणकाटा, सारख्या मापाच्या तीन बादल्या, एक वही आणि जेवणाच्या प्रत्येक वेळेला हजर राहतील असे दोन विद्यार्थी. रेक्टरांची आणि मेस कमिटीची तोंडी परवानगी घ्यावी, मात्र तिचा उल्लेख तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर करावा. पहिल्या बादलीत भाज्यांची देठे, साली, निवडलेला पाला असा स्वयंपाकाआधीचा कचरा पडेल. दुसरीत पातेल्यांत उरून टाकून दिलेले शिजलेले अन्न, आणि तिसरीत ताटांतले खरकटे. रिकाम्या बादल्यांचे वजन आधी करून प्रत्येक बादलीवर रंगाने लिहून ठेवावे, नाहीतर चौथ्या दिवशी बादली बदलते आणि सगळा हिशेब चुकतो. जेवलेल्यांची संख्या मेसच्या रजिस्टरवरून घ्यावी. अंदाजाने लिहू नये.

सोमवार ते रविवार असे सलग सात दिवस वजन करावे, कारण कॅम्पसच्या आठवड्यात बुधवार आणि रविवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शनिवारी दुपारी निम्मी मुले गावी जातात आणि स्वयंपाक मात्र नेहमीच्या अंदाजाने होतो. रविवारी रात्री मेस बंद असते. गोड पदार्थाच्या दिवशी पोळ्या उरतात. रोज रात्री एकच भागाकार करायचा : तिसऱ्या बादलीचे निव्वळ वजन भागिले जेवणारे. समजा १८० जण जेवले आणि खरकटे १८ किलो निघाले, तर प्रत्येकाने १०० ग्रॅम अन्न टाकले, म्हणजे साधारण एक वाटी. हा माणशी आकडा फार कामाचा असतो, कारण १८ किलो हे इतरांनी केलेले वाटते आणि एक वाटी ही आपली स्वतःची असते.

दुसऱ्या बादलीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. पातेल्यात उरणारे अन्न हा विद्यार्थ्यांच्या सवयीचा नव्हे, तर संख्येच्या अंदाजाचा दोष असतो, आणि त्यावरचा उपाय उपदेशाचा नसून नोंदवहीचा आहे. जो विद्यार्थी रात्री जेवणार नाही त्याने दुपारी बारापर्यंत मेसच्या दारावरील तक्त्यात आपल्या खोलीच्या क्रमांकापुढे फुली मारावी, एवढी एक पद्धत लागू झाली तरी ती बादली हलकी होऊ लागते. येथे कंत्राटदाराशी आधी बोलून घेणे आवश्यक आहे, कारण कमी माणसांचा स्वयंपाक झाला तर आपले पैसे कापले जातील ही त्याची भीती असते, आणि फुल्यांच्या निमित्ताने जेवणच कमी शिजेल ही विद्यार्थ्यांची. पहिले दोन महिने मेसच्या दरात कोणताही बदल होणार नाही, असे दोन्ही बाजूंना रेक्टरांसमक्ष सांगितले की दोन्ही शंका बऱ्याच अंशी मिटतात.

ताटातील खरकट्याच्या बाबतीत वाढप्यांचा सल्ला घ्यावा. आमच्याकडे मेसमधल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की दुधी असला की बादली भरते आणि त्यातही फोडी मोठ्या चिरल्या की जास्त भरते. सात दिवस वजने करून आम्ही शोधले ते एवढेच. भाजी अर्ध्या पळीने वाढणे, दुसऱ्यांदा मागायला येणाऱ्याला रांगेत उभे न करणे आणि दिवसाचा माणशी आकडा जेवणघराच्या फळ्यावर खडूने लिहिणे, हे तीन उपाय करून पाहावेत. फळ्यावर केवळ आकडा लिहावा. त्याखाली अन्न हे पूर्णब्रह्म वगैरे लिहिले, की मुले फळ्याकडे बघणे सोडून देतात.

खताचे हौद आणि फेब्रुवारीतला पाचोळा

खरकटे कमी झाले तरी साली-देठे राहतातच, आणि त्यांचे खत आवारात करता येते. अनेक कॅम्पसवर हे काम सुरू होते आणि दोन महिन्यांत दुर्गंधीच्या तक्रारीने बंद पडते. तक्रार खरी असते. कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे ओल्या कचऱ्याच्या जोडीला पुरेसा वाळका पाचोळा नसणे. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते आणि वाळक्या पानांत कर्ब. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, आणि तो नसला की कचरा कुजण्याऐवजी सडतो. घमेल्याच्या मापात सांगायचे तर एक घमेले ओल्या कचऱ्यावर चुरलेल्या वाळक्या पानांची तीन घमेली पडली पाहिजेत.

हा पाचोळा वर्षभर मिळत नाही. पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षांच्या गडबडीत आवारात पाने पेटवली जातात. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर बंदी घातलेली असून साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरील जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवलेली आहे. तेव्हा फेब्रुवारीतच रिकामी पोती गोळा करून ठेवावीत, माळ्यांना झाडलेला पाचोळा त्यांत भरायला सांगावे आणि पोती पावसात भिजणार नाहीत अशा ठिकाणी, बहुधा एखाद्या जिन्याखाली, रचून ठेवावीत. खताचा प्रकल्प हौद बांधण्याच्या दिवशी सुरू होत नाही, तो पोती भरण्याच्या दिवशी सुरू होतो.

हौद सुमारे एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असावा. त्याहून लहान ढिगात उष्णता धरून राहत नाही. विटा मध्ये फटी सोडून जाळीसारख्या रचाव्यात, कारण हवा बाजूंनी आत शिरायला हवी, आणि वर पत्र्याचे छप्पर हवे. दिवसाला वीसेक किलो ओला कचरा असेल तर असे चार-पाच हौद लागतात : एक भरत असतो, बाकीचे मुरत असतात. तळाशी वीतभर काटक्या आणि जाड पाचोळा टाकावा, त्यावर रोजचा ओला कचरा पसरावा, मूठभर जुने खत किंवा शेण भुरभुरावे आणि लगेच पाचोळ्याने पूर्ण झाकावे. पातळ आमटी, ताक, तेलकट रस्सा गाळून काढावा. हाडे व मांस पहिल्या वर्षी तरी घेऊ नये, उंदीर आणि कुत्री त्याच वासाने येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मध्यभागी लोखंडी सळई खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढली, की ती हाताला चांगली गरम लागली पाहिजे. कुजणाऱ्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाते.

ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट पिळावा : एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर पाचोळा वाढवावा, काहीच निघाले नाही तर पाणी शिंपडावे. आंबूस किंवा कुजका वास आला तर ढीग उलटा-पालटा करून त्यात कोरडी पाने मिसळावीत. करड्या-तपकिरी, जाडसर अळ्या दिसल्या की लोक घाबरतात, पण त्या बहुधा कचरा खाणाऱ्या निरुपद्रवी माशीच्या असतात आणि काम जलदच करतात. दोन ते तीन महिन्यांनी माल काळसर, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तो चाळून आवारातील झाडांना घालावा.

हे सर्व फुकटच्या उत्साहावर चालवू नये. रोज दोन घमेली उचलण्याचे काम परीक्षेच्या दिवसांतही चालू ठेवायचे असेल तर त्याला मोबदला हवा, आणि त्यासाठी आपल्याकडे एक जुनी, सन्मान्य व्यवस्था आहे : कमवा व शिका. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेल्या या विचारावर अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांच्या योजना उभ्या आहेत. खताच्या हौदांची देखभाल त्या योजनेतील मान्य कामांच्या यादीत घालून घेणे, ही माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी सूचना आहे.

सुका कचरा कोणाच्या हातात जातो

कागद, पुठ्ठा, बाटल्या, धातू वेगळे केले तर त्यांना भाव मिळतो आणि ते भंगाराच्या साखळीत जातात, पण ती साखळी माणसांची असते. पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग चालवत होत्या. मुलांच्या आयांबरोबर फिरताना त्यांना दिसले, की माल घरातूनच वेगळा करून मिळाला तर या बायकांचे श्रम कमी होतात आणि कमाई वाढते. त्यातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेबरोबर दारोदार कचरा संकलन करू लागली. एका विद्यापीठाच्या विभागाने पर्यावरणाच्या कामात भाग घेतला म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्याची सुरुवात घोषवाक्य स्पर्धेने झाली नव्हती.

आपल्या कॅम्पसवर याचा अर्थ असा, की सुका कचरा घ्यायला येणारी माणसे कोण आहेत ते आधी पाहावे. त्यांची उपजीविका मोडून तो माल एखाद्या प्रदर्शनीय यंत्रात टाकण्याचा उद्योग करू नये. मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची, कचरावेचक स्त्रियांनीच पुढे आणलेली पद्धत सुरू करावी. जुने संगणक, प्रिंटर यांचे मात्र वेगळे आहे : ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच दिला गेला पाहिजे, त्याची पावती फाइलला लागली पाहिजे.

वीज आणि पाणी : दोन छोटे हिशेब

विजेच्या बाबतीत सौर पॅनेलचा विषय सर्वांत आधी निघतो. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो आणि त्याला सुमारे १० चौरस मीटर मोकळे, सावली नसलेले छत लागते, एवढे लक्षात ठेवून छत मोजता येते. पण तो निर्णय व्यवस्थापन परिषदेच्या पातळीवर होतो. विद्यार्थ्यांना आधी पंखा हाती घेता येतो. छताचा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी (ब्रशविरहित) मोटरचा नवा पंखा साधारण ३० वॉट. १०० पंखे बदलले आणि ते वर्षातले २०० दिवस रोज आठ तास फिरले, तर ७,२०० युनिटांची बचत होते. युनिटामागे १० रुपये धरले तर ती वर्षाला ७२,००० रुपये. सगळे पंखे एकदम बदलण्याची मागणी करू नये. जो पंखा जळेल त्याच्या जागी नवा घेताना याच प्रकारचा घ्यावा, अशी एक ओळ खरेदीच्या अटींत घालून घ्यावी.

पाण्यासाठी वॉशर आणि फ्लोट व्हॉल्व्ह यांच्यापासून सुरुवात करावी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. चाळीस नळांच्या वसतिगृहात दहा नळ असे असले तर ते रोजचे २०० लिटर झाले. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी नळी लावून टाकीत घ्यावे, ते फरशी पुसायला चालते. पावसाच्या पाण्याचा हिशेब आणखी सोपा आहे : १,००० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी ५ लाख ६० हजार लिटर उरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरातील तळी व विहिरी पाहून यावे. पाणी धरून ठेवणे हा त्या परिसराच्या रचनेचाच भाग कसा आहे, ते तेथे दिसते.

झाडे आणि पक्षी

झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. लावण्याआधी मोजावीत एवढेच म्हणतो. आवारातील प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा यांची नोंद हे वनस्पतिशास्त्र व भूगोल या दोन विभागांना मिळून करता येणारे काम आहे. नागरी क्षेत्रात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. नवी इमारत येण्याआधी अशी यादी तयार असली तर तिचे मोल कळते. नवी लागवड करायची तर गिरिपुष्प, सुबाभूळ यांच्याऐवजी करंज, बहावा, पळस, अर्जुन अशी आपल्याकडची झाडे घ्यावीत, आणि रोपागणिक उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या रोपापुढे नाव नाही ते लावू नये. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना फेब्रुवारीतील चार दिवसांची कॅम्पस पक्षिगणना सोयीची आहे. किमान पंधरा मिनिटे दिसलेले सर्व पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची, एवढीच तिची अट आहे.

अर्ज, टिपणी आणि मार्च महिना

आकडे हाती आले, की अर्ज करावा. तो एका पानाचा असावा आणि त्याचा विषय एका वाक्यात मावला पाहिजे, जसे : मुलांच्या वसतिगृहातील मेसच्या ओल्या कचऱ्यासाठी पाच खत-हौद बांधण्यास परवानगी मिळण्याबाबत. पहिल्या परिच्छेदात सात दिवसांचे आकडे, दुसऱ्यात नेमकी मागणी व जागा, तिसऱ्यात खर्च, चौथ्यात रोजची देखभाल कोण करणार ते. तीन दरपत्रके जोडावीत, कारण ती नसली की फाइल लेखा विभागातून परत येते आणि त्यात महिना जातो. प्रस्तावना, जागतिक तापमानवाढ, सुभाषिते हे सर्व गाळावे. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांकासह पोच घ्यावी. क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

आपल्या अर्जावरून संबंधित लिपिक टिपणी तयार करतो, ती अधीक्षक, अभियंता, वित्त व लेखा अधिकारी, कुलसचिव अशी वर चढत जाते, आणि प्रत्येक टेबलावर तिला एखादा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न काय होता हे दर आठवड्याला नम्रपणे विचारून त्याचे उत्तर लेखी देणे, हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये अधिसभेपुढे (सिनेटपुढे) जातो आणि विभागांच्या मागण्या त्याआधीच काही महिने गोळा झालेल्या असतात. खर्चाची मागणी त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात पोचली पाहिजे. फेब्रुवारीत सुचलेली कल्पना पुढच्या वर्षावर जाते.

बातमी कशी द्यावी

झालेले काम इतरांना कळण्यासाठी महिन्यातून एकदा एक पानाचे भित्तिपत्रक काढावे आणि ते मेसच्या दारावर, ग्रंथालयात व सफाई कामगारांच्या खोलीबाहेर लावावे. भाषा मावशींना आणि माळीकाकांना वाचता येईल अशी मराठी असावी. प्रत्येक बातमीत एक आकडा, त्याचे एकक, मागील महिन्याचा आकडा आणि फरकाचे कारण असावे. खरकटे माणशी १०० ग्रॅमवरून ७० ग्रॅमवर आले, कारण भाजी अर्ध्या पळीने वाढली गेली, ही बातमी आहे; मान्यवरांच्या हस्ते वृक्षारोपण झाले, ही नव्हे. बिघडलेलेही छापावे. हौदाला वास आला, आठवडाभर बंद ठेवला, पाचोळा मिसळून पुन्हा सुरू केला, असे लिहिलेल्या पत्रकावर वाचकांचा विश्वास बसतो. दिनविशेषांच्या मागे फार लागू नये. ५ जूनचा पर्यावरण दिन तर उन्हाळी सुट्टीतच येतो आणि शिक्षक, शिपाई व दोन-चार चुकार विद्यार्थी यांच्या उपस्थितीत पार पडतो. १४ डिसेंबरचा ऊर्जा संवर्धन दिन मात्र सत्राच्या मध्यावर येत असल्याने रात्रीच्या दिव्यांचे आकडे जाहीर करायला बरा.

तास, श्रेयांक आणि पुढची तुकडी

विद्यार्थ्यांचा वेळ मोजला गेला पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली तेव्हापासून ती तासांच्या नोंदीवर चाललेली आहे. स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास पूर्ण करायचे असतात, आणि मेसमधील वजने किंवा वृक्षगणना यांचे तास कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या संमतीने त्यांत धरता येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभाग यांना श्रेयांक आहेत. सत्राच्या आरंभीच एखाद्या प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून विनंती केली, तर वर्षाचे आकडे प्रकल्प अहवालात जातात आणि ग्रंथालयात राहतात.

पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातो, पदव्युत्तर दोनच वर्षांत. म्हणून गटात पहिल्या वर्षाचे निदान दोघे नेहमी असावेत आणि जानेवारीपासून सर्व वजने, अर्ज व फेऱ्या त्यांच्या हातून व्हाव्यात, जुन्यांनी केवळ सोबत उभे राहावे. एप्रिलमध्ये वही त्यांच्या स्वाधीन करताना तिच्या शेवटच्या पानांवर काही गोष्टी स्वच्छ अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात : ताणकाटा कोणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे असते, प्रलंबित अर्जांचे आवक क्रमांक, पाचोळ्याची किती पोती कोणत्या जिन्याखाली आहेत, कोणत्या हौदाचे खत कधी निघेल, सुट्टीत पाणी घालणाऱ्यांची नावे आणि माळीकाकांच्या पाइपची लांबी, मीटरमध्ये.